न घडलेल्या मोहिमेचा आचारी

उजवा हात पुढे करायचा, तळवा पालथा धरायचा आणि सावकाश खाली आणत टेबलाला टेकवायचा. मग शांतपणे म्हणायचं, "गेली खाली. साकु."

'साकु' म्हणजे कन्नडमध्ये पुरे. पाणबुडीबद्दल कुणीही काहीही विचारलं तरी शेजारच्या काकांचं उत्तर एवढंच. कुठल्या समुद्रात, किती दिवस, कुणाबरोबर, कशासाठी, सगळ्याला तोच एक तळवा. चामराजपुरममधल्या आमच्या गल्लीत हे उत्तर इतकं पाठ झालं होतं की वीज गेली तरी लोक हात खाली आणून "गेली, साकु" म्हणायचे.

म्हैसूरला समुद्र नाही. तलाव आहे, तलावात बगळे आहेत आणि काठाने सकाळी भरभर चालणारी निवृत्त माणसं आहेत. अशा गावात आपल्या शेजारी पाणबुडीतला माणूस राहतो हे कळल्यावर आम्हाला जो आनंद झाला, त्यात देशप्रेम किती होतं आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांना राजवाड्यानंतर दाखवायला काहीतरी मिळालं याचं समाधान किती होतं, ते मी सांगत नाही. तुम्हीही कुठेतरी शेजारी असालच.

आम्ही म्हणजे नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे येऊन स्थिरावलेले लोक. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. जी पुस्तिका कुणीही उघडत नाही ती अचूक असावी, याची काळजी घेण्याचे मला पैसे मिळतात. काका मात्र इथलेच. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसून आले आणि राहिले. घरात मराठी बोलत, पण वाक्य मराठीत निघून कन्नडमध्ये मुक्कामाला पोचायचं. आम्ही त्यांच्या मराठीला गोड म्हणायचो. जी भाषा आपल्याला चुकीची वाटते, पण तसं म्हणण्याइतके आपण उद्धट नसतो, तिला आपण गोड म्हणतो. आमच्या मराठीला ते काय म्हणत कोण जाणे. एकदा माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्यांनी पुतण्याला विचारलं होतं की ही बाई बातम्या वाचते का.

त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांचा घोड्यावरचा मोठा फोटो होता आणि खाली एक तलवार टांगलेली होती. अशा घरातला मुलगा नौदलात गेला तेव्हा आधी त्याचा मोठा गौरव झाला म्हणे. पुढे तो तिथे स्वयंपाक करतो असं कळलं आणि घरच्यांनी तो विषय बंद केला. सुटीवर आल्यावर बापाने त्यांना एवढंच विचारलं, की तिथे निदान मटण तरी करतोस ना. नौदल सोडून आल्यावर काकांनी म्हैसूरच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत पंचवीस वर्षं सांबार ढवळलं. लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते राहायचे, मागे पुतण्याचा संसार.

आमची ओळख माझ्या आमटीमुळे झाली. खिडकीतून वास घेऊन त्यांनी एके दिवशी कुंपणापलीकडून सांगितलं, "मगा, चिंच आधी टाकली की डाळ शिजत नाही. सुम्ने गॅस जाळतेस." मगा म्हणजे लेकरा, सुम्ने म्हणजे उगाच. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून माझे दोष दाखवू लागले. माझ्या नवऱ्याने हे काम बरीच वर्षं मोफत केलं होतं, पण काकांना त्यातलं कळत होतं.

पाणबुडीतल्या मोहिमांबद्दल ते बोलत नसत, पण तिथल्या स्वयंपाकघराबद्दल त्यांना थांबवणं कठीण. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात एवढी जागा. आंघोळ नाही. डिझेलचा आणि कांद्याचा वास सगळ्यांच्या अंगाला सारखाच, त्यामुळे अधिकारी आणि शिपाई डोळे मिटून ओळखू येत नाहीत. पाण्याखाली असताना धूर जायला वाट नाही म्हणून फोडणी बंद. ही फोडणीची गोष्ट ते फार गंभीरपणे सांगायचे. गोळ्याबिळ्यांचं ठीक आहे, पण देशासाठी आपण महिनोन् महिने बिनफोडणीचं वरण केलं, असा त्यांचा सूर असायचा.

"आणि लढाईत काय केलंत?" असं मी मध्येच विचारलं, की तळवा पालथा व्हायचा. "सांगायचं नाही म्हणून सही केलोय मी."

मग माझे वडील गेले. नाशिकला सकाळी त्यांना दवाखान्यात हलवलं, मी बंगळूरच्या विमानतळावर पोचेपर्यंत विमान सुटलं होतं, आणि पुढच्या विमानाची वाट बघत असताना भावाचा फोन आला. दिवसकार्य उरकून मी परत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी काका डब्यात दहीभात घेऊन आले. स्टुलावर बसले. मी एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होते, की मी वेळेवर पोचले नाही. माणसं अशा वेळी म्हणतात तसं काही काका म्हणाले नाहीत. बराच वेळ डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले आणि मग, मी न विचारता, सांगू लागले.

एकाहत्तर साली ते तेवीस वर्षांचे होते. लढाई अजून जाहीर व्हायची होती. पूर्वेकडच्या समुद्रात त्यांची पाणबुडी वर आली, शेजारी एक मासेमारीची होडी लागली आणि चौदा माणसं शिडीने आत उतरली. लुंग्या, बनियन, पायात काही नाही. आपला देश मोकळा करायला निघालेले तिकडचे मुक्तियोद्धे. कॅप्टनने सगळ्यांना गोळा करून सांगितलं की ही माणसं इथे नाहीत. उद्या कुणी विचारलं तरी नाहीत, म्हातारपणी कुणी विचारलं तरी नाहीत. मग प्रत्येकाची सही घेतली. काकांनी सही केली आणि एकच शंका विचारली, की जी माणसं नाहीत त्यांच्यासाठी तांदूळ किती घालू. कॅप्टन म्हणाला, भरपूर घाल.

काम असं होतं. पाणबुडीने या लोकांना नदीच्या मुखाजवळ न्यायचं आणि अंधारात रबरी होड्यांतून सोडायचं. त्यांनी पुढे पोहत जाऊन बंदरातल्या शस्त्रांच्या जहाजांना तळाशी सुरुंग चिकटवायचे आणि ठरल्या वेळी परत यायचं. पाणबुडीने तोवर पाण्याखाली दबा धरून बसायचं. पहिल्या खेपेला चौदाच्या चौदा परत आले. ओले, थरथरत, चहा मागत. काकांनी त्या दिवशी कॅप्टनच्या परवानगीने गोड शिरा केला होता.

दुसऱ्या खेपेला अकरा आले.

ठरलेली वेळ टळली. कॅप्टन थांबला. आणखी थांबला. रबरी होड्यांचा दोर ओढायला बळकट हात हवा म्हणून काकांना वर घेतलं होतं. पूर्वेला पांढरं व्हायला लागलं, शत्रूच्या गस्ती नौकेचा आवाज यायला लागला. वरच्यांनी एकेक करून खाली जायचं आणि शेवटच्या माणसाने पाणबुडीच्या तोंडावरचं झाकण ओढून घ्यायचं, अशी तिथली रीत. शेवटचा माणूस काका होते.

"तुझ्याजवळ विमान नव्हतं, मगा," काका मला म्हणाले. "मी तर तिथेच होतो. वेळेवर होतो. आणि या हाताने झाकण लावून खाली आलो."

राहिलेल्या तिघांपैकी एक शाळामास्तर होता, जाड भिंगांचा चष्मा काढला की भिंतीवर आपटायचा, आणि जेवताना लिंबाचं लोणचं मागायचा. दुसरा सतत गुणगुणायचा, पाणबुडीत आवाज करायचा नाही म्हणून सगळे त्याला दटावायचे. तिसऱ्याबद्दल काका थांबले.

"तिसऱ्याचं काही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. सात दिवस माझ्या हातचं जेवला. पन्नास वर्षं आठवून बघतोय."

मग ते उठले, रिकामा डबा घेतला आणि गेले. वडील गेल्यानंतर त्या दुपारी मला पहिल्यांदा झोप लागली.

आता मी काय केलं ते ऐका. आमचं इथे मराठी मंडळ आहे. वर्षातून दोन कार्यक्रम, एक स्मरणिका आणि बारा भांडणं, असा त्याचा वार्षिक आराखडा. स्मरणिकेची संपादक मी. त्या वर्षी आलेल्या साहित्यात सात कविता होत्या, सातही आईवर. अध्यक्ष म्हणाले, काहीतरी दमदार हवं. आणि मला दमदार काहीतरी ठाऊक होतं.

मी लेख लिहिला. नाव दिलं नाही, 'चामराजपुरममधील एक निवृत्त नौसैनिक' एवढंच लिहिलं. म्हणजे घराचा नंबर तेवढा द्यायचा राहिला. मास्तराचा चष्मा लिहिला, गुणगुणणाऱ्याचं गाणं लिहिलं, झाकणाची जागा तर इतकी छान जमली की मी स्वतःच दोनदा वाचली. तिसऱ्याबद्दल काही लिहिलं नाही. ज्याचं काही आठवत नाही तो लेखात कुठे बसवणार? आणि मराठीत विश्वासघात करून माझं समाधान झालं नाही म्हणून मी लेखाचं इंग्रजीही केलं आणि इंटरनेटवर टाकलं.

त्या रविवारी काका आले नाहीत. पुढच्याही नाही. कुंपणापलीकडे दिसले तर आत जायचे. मी एकदा पुतण्याकडे निरोप दिला. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काका बोलणार नाही म्हणतायत, गोत्तिल्ल का ते." गोत्तिल्ल म्हणजे ठाऊक नाही. मला ठाऊक होतं.

मंडळाने मात्र घाईने सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, म्हैसुरी फेटा, आणि अध्यक्षांचं चाळीस मिनिटांचं भाषण. तेवढ्यात बंगळूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं मंडळाला पत्र आलं. त्यांच्या माहितीप्रमाणे अशी कोणतीही मोहीम झाली नव्हती, कोणत्याही पाणबुडीत असे कोणीही लोक नव्हते, आणि एखाद्या आचाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर स्मरणिका काढू नये. अध्यक्ष हादरले. ते जन्मभर कागदावर विश्वास ठेवणाऱ्या खात्यात होते. ते स्वतः काकांकडे गेले आणि काही पुरावा, एखादा फोटो, प्रमाणपत्र, असं काही आहे का म्हणून विचारलं. काकांनी तळवा पालथा केला. सत्कार 'तूर्तास स्थगित' झाला. शाल आधीच आणलेली होती, ती त्या वर्षी सुगम गायन स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला दिली.

गल्लीला नवीन विषय मिळाला. कालपर्यंत पाहुण्यांना काका दाखवणारी माणसं आता त्यांच्या मागे हसू लागली. कुणी म्हणालं, खानावळीच्या पिंपात बसून समुद्र बघितला असेल. मी दोघा-तिघांशी भांडले. भांडताना माझ्या लक्षात येत होतं की हे भांडण मीच घराघरात पोचवलं आहे.

शेवटी एका सकाळी मी ते पत्र घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हटलं, तुम्ही एकदा उत्तर द्या, मी लिहून देते. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसलं.

"बरोबर लिहिलाय माणूस," ते म्हणाले. "असं काही झालं नाही असंच ठरलं होतं. त्यानेही सही केली असेल."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली, पण घेतली की नाही ते कळलं नाही. मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"बटाटे नव्हते."

मी वळले.

"तू लिहिलीस, बटाट्याची भाजी. बटाटे आठ दिवसांत संपतात पाणबुडीत. डब्यातला वाटाणा होता. लिहायचं तर नीट लिहावं." मग थोडं थांबून, "उद्या येतो. हुळीला मसाला भाजून ठेव."

हुळी म्हणजे इकडची डाळ घालून केलेली भाजी. इतकं मन लावून मी मसाला आयुष्यात भाजला नव्हता. करपलाच.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला इंग्रजीत एक ईमेल आली. बांगलादेशातून. लिहिणाऱ्या बाईंचं नाव शिरीन. वय सत्तावन्न, शाळेत शिक्षिका. वडील एकाहत्तर साली घरातून गेले ते आलेच नाहीत. पोहणाऱ्यांच्या एका तुकडीत होते एवढं कुणीतरी नंतर सांगितलं. कुठे गेले, कधी गेले, कसे गेले, कुणालाच माहीत नाही. आई चाळीस वर्षं वाट बघून वारली. तुमच्या लेखातला तो माणूस जिवंत असेल तर माझी त्याच्याशी भेट घालून द्याल का, असं विचारलं होतं.

मी ईमेल छापून काकांकडे नेली आणि मराठीत वाचून दाखवली. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि परत दिला. "साकु, मगा," म्हणाले. त्यांचा हात मात्र टेबलावर होता तिथेच राहिला. मला बोलायचा अधिकार उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ते आले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांना तेल. स्टुलावर बसले नाहीत, जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव फोन त्या मुलीला."

मी लॅपटॉप समोर ठेवला. पडद्यावर शिरीन आल्या. करडे केस, डोक्यावर पदर, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांचं हिंदी सिनेमातलं, काकांचं नौदलातलं, आणि मध्ये माझं महाराष्ट्रातलं. अशा तीन मोडक्या हिंदींवर ते सगळं संभाषण झालं. शिरीन आधी रडतील असं मला वाटलं होतं. त्या वही उघडून बसल्या होत्या. प्रश्न लिहून आणले होते.

काकांनी वडिलांबद्दल विचारलं. मास्तर होते का? नाही, नदीवर फेरीबोटीच्या धक्क्यावर कामाला होते. चष्मा? नाही, नजर फार चांगली. गात होते का? त्यावर शिरीन पहिल्यांदा हसल्या. गळा अजिबात नव्हता म्हणे, आई म्हणायची की ते गायला लागले की कोंबड्या घरात येतात.

मी काकांकडे बघितलं. मला कळलं होतं. हे मास्तर नव्हते आणि गुणगुणणारेही नव्हते. असलेच तर तिसरे. आणि तिसऱ्याचं काकांना काही आठवत नव्हतं, हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. किंवा मुळात हे त्या पाणबुडीत नव्हतेच. तशा तुकड्या पुष्कळ असतील. शिरीन पेन हातात धरून वाट बघत होत्या.

काका म्हणाले, "हां. होते."

मग त्यांनी सांगितलं. शिडीच्या डाव्या बाजूला तांदळाच्या पोत्याला टेकून बसायचे. कमी बोलायचे. दुसऱ्यांदा भात घेताना ताट पुढे करायचे नाहीत, नुसतं बघायचे, मग मीच वाढायचो. पाण्याखाली पहिल्या दिवशी सगळ्यांना मळमळत होतं, त्यांना नाही, नदीवरचा माणूस. शिरीन लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरचं काही बोलले का.

मला वाटलं, आता काका मागे फिरतील.

"एकदा बोलले," ते म्हणाले. "मुलगी झोपलेली असताना निघालो म्हणाले. जागी असती तर पाय निघाला नसता."

शिरीन लिहायच्या थांबल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. आई अगदी हेच सांगायची, त्या म्हणाल्या. तू झोपली होतीस, तुला उठवू दिलं नाही.

पुढचा प्रश्न त्यांनी वहीत न बघता विचारला. त्यांच्यासाठी थांबला होतात का? काकांनी मान हलवली. सांगितलं होतं त्याहून जास्त थांबलो, म्हणाले. दोर शेवटपर्यंत पाण्यात ठेवला होता. झाकण मी लावलं, बेटी. हे त्यांनी पडद्याकडे न बघता सांगितलं. शिरीन म्हणाल्या, कुणालातरी लावायलाच हवं होतं ना. हे वाक्य इतक्या साधेपणाने त्या बोलल्या की काकांना ते कळायला वेळ लागला. मग त्यांनी मनगटाने डोळे पुसले, कांदा चिरताना पुसतात तसे.

शेवटी शिरीन यांना दिवस हवा होता. कुठला महिना, कुठली तारीख. काकांना तो दिवस वारासकट माहीत होता. त्यांनी सांगितला, शिरीन यांनी लिहून घेतला आणि खाली रेघ ओढली.

लॅपटॉप बंद केल्यावर मी चहा ठेवला. मग न राहवून मी विचारलंच, की ते खरोखर तिचे वडील होते का.

"मास्तराचं घर कुठेतरी असेल. गाणाऱ्याचंही," काका म्हणाले. "तिसऱ्याला माझ्याकडेही जागा नव्हती, तुझ्या कागदातही नव्हती. त्याला कोणी नव्हतं. असू दे तिचा."

मी चहा गाळला. त्यांनी एक घोट घेतला आणि आलं जास्त झालं म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात काका गेले. दुपारचं जेवण झालं होतं, ताट घासून पालथं घातलेलं होतं, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच. पुतण्याने मला हाक मारली तेव्हा रेडिओवर कन्नड बातम्या चालू होत्या. सत्याहत्तर वर्षांचं आयुष्य, आणि कुणालाही कसलाही त्रास न देता. गल्लीतली माणसं आली. पिंपातल्या समुद्राचा विनोद ज्याने केला होता तोही आला आणि त्याने खांदा दिला. ते मात्र खरं.

मंडळाने शोकसभा घेतली. मंडळाचा शोकसभांचा अनुभव दांडगा आहे. अध्यक्ष म्हणाले, त्यांचं व्यक्तिमत्त्व गूढ होतं, आणि आपण सर्वांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केलं. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. चाळिसाव्या सेकंदाला खजिनदारांचा फोन वाजला आणि शांतता तिथेच आटोपली. मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. एका माणसाबद्दल मी पुरेसं बोलून झाले होते. आज हे लिहिते आहे तेही त्यांच्या पुतण्याला विचारून, आणि नाव न घेता. मोहिमेचं जे सांगितलं ते सगळं आधीच बाहेर गेलेलं आहे, माझ्याच कृपेने.

शिरीन यांना मी ईमेलने कळवलं होतं. त्यांचं उत्तर छोटं होतं. दुःख झालं, दुआ करते, एवढंच.

मग थंडीत, काकांनी सांगितलेल्या त्या तारखेला, शिरीन यांचा फोन आला. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे माणूस गेल्याच्या दिवशी दरवर्षी दुआ मागतात आणि लोकांना जेवू घालतात. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे असे दिवस ठरलेले असतात. त्यांच्याच घराला इतकी वर्षं दिवस नव्हता. आई गेली तेव्हा आईचा आला, पण वडिलांचा कुठला धरायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. आता आहे. दुआमध्ये घ्यायला त्यांना काकांचं नाव हवं होतं. मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, उच्चार नीट आला का विचारलं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. तेव्हा मी काकांच्या पुढच्या खोल्यांत उभी होते. पुतण्या भांडी खोक्यांत भरत होता आणि कुठली कुणाला द्यायची ते मला विचारत होता. फोटोत एक अंगण होतं. चटयांवर दोन ओळींत शंभरेक माणसं जेवायला बसलेली, धक्क्यावरचे हमाल, शाळेतली पोरं, डोक्यावर टोपी घातलेला एक म्हातारा. मधून शिरीन हातात मोठं पातेलं धरून वाकल्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी क्षणभर वर बघितलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पंगत वाढणाऱ्या बाईला असते तेवढी घाई होती.